पाऊण फी माफ

लातुरात विद्यार्थ्यांची खाणावळ चालवणाऱ्या वैजयंताबाई लेकीच्या प्रवेशासाठी दोन कॉलेजांची पत्रं घेऊन संचालक वाघोलीकरांसमोर बसल्या. दारावरच्या पाटीवर साहेबांच्या नावापेक्षा त्यांच्या पदव्याच लांब होत्या.

"साहेब, दुसरं कॉलेज चारही वर्षं निम्मी फी माफ करतंय. तुम्ही पाऊण माफ करताय, पण फक्त पहिल्या वर्षी. पुढं काय?"

वाघोलीकर खुर्चीत रेलले. "बाई, हे विद्यामंदिर आहे, भाजी मंडई नाही. आणि पुढची काळजी कशाला? आमची सवलत दरवर्षी चालूच राहते. आजवर एकाचीही बंद झालेली नाही!"

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षाची फी मी पूर्ण भरते. पुढच्या तीन वर्षांची पाऊण माफी तेवढी आत्ता लिहून द्या."

संचालकांचा चेहरा उतरला. "तसं... पुढचं आत्ताच कसं सांगणार?"

बाईंनी त्यांचं पत्र त्यांच्याच टेबलावर ठेवलं आणि त्या उठल्या. "राहू द्या साहेब. नवा मेंबर आला की पहिल्या दिवशी श्रीखंड मीही वाढते. पण उद्यापासून पातळ वरण आहे, हे त्याला ताटावर बसायच्या आधी सांगते."