पाठीतली माया

माणसं आणि कापडं एकमेकांशी बोलत त्या काळी, एका डोंगरी संस्थानात यमाजी नावाचा शिंपी होता. बँडमास्तरांचा कोट शिवायला त्याच्याकडे आला. उघड्यावर, थंडीत उभं राहून बँडकडून वाजवून घ्यायचं, म्हणून त्याने बाहेरून जाड लोकरी बनात निवडली आणि आतून हलकं रेशमी अस्तर.

बनातीला आपल्या वजनाचा भारी तोरा. शिवताना तिला दिसलं, की अस्तराच्या पाठीत चार बोटं कापड जास्तीचं आहे, चूण घालून दुमडलेलं. ती फणकारली, "काय हा ढगळपणा! मी बघ, कशी अंगाबरोबर बेतलीय. यमाजीची कात्री चुकली वाटतं."

अस्तराने आपली चूण नीट दुमडून घेतली.

दरबाराच्या दिवशी मास्तरांनी दोन्ही हात उंच उचलले. पाठ रुंदावली. बनात लोकरीची, ती जराशी ताणली गेली. पण रेशीम कुठलं ताणलं जायला? 'आता हे टरकन फाटणार,' ती धास्तावली. तेवढ्यात आतली चूण अलगद उलगडली. हात खाली आले, चूण पुन्हा मिटली. पुन्हा हात वर, पुन्हा उलगडली. वाजवणं संपेपर्यंत एक टाका उसवला नाही. बनात थक्क होऊन आतल्या आत बघत राहिली.

पुढे कोट बटण लावायला दुकानात आला, तेव्हा तिने हळूच विचारलं, "यमाजीदादा, त्या जास्तीच्या कापडाला तुम्ही काय म्हणता?"

"माया," दाताने दोरा तोडत यमाजी म्हणाला. "ती आतूनच ठेवायची असते."