बाजारवाटेवरचा आंबा

एका बाजारगावात तातोबा नावाचा एक माणूस झाडांची कामं करायचा. वाळल्या फांद्या उतरवणं, कीड लागलेला भाग कोरून काढणं, वठलेलं झाड कुणाच्या छपरावर न पाडता खाली आणणं, यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. लोक त्याला झाडांचा वैद्य म्हणत.

गावचे इनामदार आप्पासाहेब यांची मोठी बाग तोच राखायचा. त्याचं घर त्याच कामावर चाले. बाजाराच्या वाटेवर आप्पासाहेबांच्या आईने लावलेला एक आंबा होता. कुंभारणी आणि भाजीवाल्या त्याच्या सावलीत बसून विक्री करत.

एकदा वादळात त्या आंब्याची फांदी मोडून पडली. कुणाला लागलं नाही, पण लोक धास्तावले. झाड ठेवायचं की नाही, हे तातोबा सांगेल तसं करायचं, असं पंचांनी ठरवलं.

तातोबाने कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने खोडावर ठोकून पाहिलं. आवाज रिकाम्या रांजणासारखा आला. वरून झाड हिरवंगार होतं, आतून त्याचा भुगा झाला होता. त्या झाडावर त्याचाही जीव होता. जड मनाने त्याने आप्पासाहेबांना सांगितलं, की झाड उतरवावं लागेल.

आप्पासाहेब ऐकेनात. फांदी मोडली तिथे उघड्या पडलेल्या ढोलीत चुना-विटा भर, वरून लिंपून घे आणि झाड धडधाकट आहे असं पंचांना सांग, असा त्यांनी हुकूम केला. वर म्हणाले, "बाग राखायची आहे ना तुला?"

झाड आणखी काही वर्षं उभं राहीलही, असं त्या रात्री तातोबाच्या मनात येऊन गेलं. पण त्याच सावलीत एक कुंभारीण आपलं तान्हं निजवते, हे काही डोळ्यांपुढून हलेना. सकाळी तो इनामदारांच्या दारी गेला.

"झाड तुमचं आहे, आप्पासाहेब," तो म्हणाला. "पण त्याखाली बसणाऱ्यांचा जीव तुमचा नाही, आणि माझाही नाही. मी खोटं सांगणार नाही."

आप्पासाहेबांनी तिथल्या तिथे बाग राखायचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं.

तो बाजाराचा दिवस होता. तातोबाने पंचांना खरं काय ते सांगितलं आणि झाडाकडे जाऊन कुंभारणीची मडकी स्वतः उचलून पलीकडे नेऊ लागला. कुणीतरी वर्दी दिली, तसे आप्पासाहेब तणतणत आले. माझ्या आईच्या झाडावर तुझा एवढा राग का, असं त्यांनी विचारलं. तातोबाने वाद घातला नाही. खोडाला कान लावा, एवढीच विनंती केली आणि मागून ठोकलं.

आप्पासाहेबांनी ऐकलं. "पुन्हा ठोक," ते म्हणाले. पुन्हा ऐकलं. मग त्यांनी सालीवर हात ठेवला.

"आईने डोक्यावरून घागरी आणून हे वाढवलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"खोड वाचणार नाही," तातोबा म्हणाला. "पण शेंड्याच्या काड्यांत अजून जीव आहे. आपण कलमं बांधू."

तातोबाने आधी काड्या उतरवून कोयीच्या रोपांवर बांधल्या आणि मगच दोर लावून झाड सावकाश खाली आणलं. बाग लगेच परत मिळाली नाही, कारण दुसऱ्याला दिलेला शब्द इनामदारांना मोडता येईना. वर्षभर तातोबाच्या घरी ओढाताण झाली. पण झाडांचं काम निघालं, की आप्पासाहेब स्वतःच लोकांना त्याच्याकडे धाडू लागले आणि पुढच्या हंगामात बागही त्याच्या हाती आली.

कलमं जगली. त्यातलं एक बाजाराच्या वाटेवरच लावलं. काही वर्षांनी त्याला पहिली फळं धरली, तेव्हा आप्पासाहेबांनी तातोबाला बोलावणं धाडलं नाही. आंबे घेऊन ते स्वतःच त्याच्या घरी गेले, आणि दोघांनी ओट्यावर बसून ते चोखून खाल्ले.

तात्पर्य: काम देणाऱ्याचं मन राखण्यासाठी खोटा निर्वाळा देऊ नये; खरं सांगावं, आणि ते सोसायला त्याला हातही द्यावा.