डोहणीच्या तळ्याची रिकामी ओटी

भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत डोहणीचे तळे आहे. आश्विनातले ऊन तापू लागले की त्याचे पाणी हिरवे पडते आणि वाऱ्याने लोटलेले शेवाळ पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, कोपऱ्यात सायीसारखे साचते. दुसरीकडे बाया देवीला ओटी भरून नेतात, इथे मात्र रिकाम्या टोपल्या घेऊन येतात. पाहुण्यांनी कारण विचारले की गावातले म्हातारे ढिवर, म्हणजे मासेमार, डोमाजी शेंडे आधी पाळीवर ऐसपैस बसतात. ही गोष्ट उभ्या उभ्या सांगण्यातली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

पूर्वी म्हणे या गावाची तळ्यातल्या देवीवर, मायवर, फार भक्ती होती. अति तिथे माती, दुसरे काय! पाणी हिरवे झाले की माय रुसली असे समजून लोक तिची ओटी भरत. तांदूळ, गूळ, पिठाचे दिवे, दह्याची मडकी, सारे पाण्यात. जितके घालावे तितके पाणी आणखी दाटे, आणि गावाला वाटे की ओटीच कमी पडली. घरात पोरे पातळ पेज पीत, तळ्यात मासे गूळ खात. ते पाणी पिऊन गुरे आडवी झाली, तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

त्या गावात भागरथा नावाची ढिवरीण शिंगाडे विकून पोट भरत असे. तिची मुलगी बाळंतपणात गेली होती आणि मागे नातू झिटरू राहिला होता. म्हातारीचा सारा जीव त्याच्यात. एका आश्विनात त्याला उलट्या आणि हगवण लागली. डोळे खोल गेले, रडायचेही त्राण उरले नाही. पुजारी म्हणाला, "भागरथे, मायची ओटी भर. नाही त पोरगा हाती लागत नाही."

पण ओटी भरायची कशाने? घरातले शेवटचे पसाभर तांदूळ तिने सकाळीच पेजेला लावले होते, आणि शेजाऱ्यांचे दाणे आधीच तळ्यात गेले होते. ती रिकामी टोपली घेऊन काठावर आली. लाजेने तिला मान वर करवेना.

"माय," ती म्हणाली, "तुले द्यायले माह्याजवळ काहीच नाही. तुह्या अंगावरचं हे ओझं तेवढं उतरवू दे. माह्या लेकराले राखजो."

असे सांगतात की मग ती पाण्यात वाकली आणि शेवाळ उपसू लागली. टोपली भरायची, पाळीपलीकडे परसात नेऊन रिकामी करायची, पुन्हा यायचे. लोक हसले. पुजारी तर खवळलाच. देवीचे लुगडे ओढते म्हणाला. भागरथेने ऐकून घेतले आणि टोपली उचलली. दुपारपर्यंत तिच्या हातांची आग आग होऊ लागली. तेव्हा तिच्या मनात आले, जे हातांना सोसत नाही ते लेकराच्या पोटाला कसे सोसेल? ती तशीच काठापासून दूर वाळूत गेली आणि हातांनीच झिरा, म्हणजे पाझराचा खड्डा, खणू लागली. पाणी आधी गढूळ आले, मग हळूहळू निवळले. ते तिने उकळून पेजेत घातले आणि चमच्याचमच्याने नातवाला पाजले. दोनतीन दिवसांत झिटरूने डोळे उघडून खायला मागितले. मग मात्र भागरथा पाळीवर जाऊन पोटभर रडली.

ओटीशिवाय झिटरू उठला, हे साऱ्या गावाने पाहिले होते. पुढच्या आश्विनात तळ्यात कोणी काही टाकले नाही. सारे गाव तिच्यामागे टोपल्या घेऊन उतरले, पुजारीसुद्धा. पाणी वर्षागणिक हलके होत गेले आणि परसांतली वांगी त्या शेवाळाच्या खतावर अशी लागली की वाटता वाटता दमावे.

आजही आश्विन लागला की गाव आधी वाळूत झिरे खणते आणि मग पाळीवर जमते. पहिल्या टोपलीचा मान त्या बाईचा, जिचे मूल त्या साली दुखण्यातून उठले. ती दोन्ही रिकामे हात तळ्याला दाखवते आणि म्हणते, "माय, माहं लेकरू राखलं तू. आता तुह्या ओझ्याले हात लावू दे."

मग ती पाण्यात वाकते.