चावडीवरची साक्ष

प्रवरेच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात मार्थाबाई राहत होती. गाव तिला तापट म्हणायचं. तापायला कारण होतं, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढायचं नाही.

मार्थाबाईचा नवरा शांतवन गावच्या पाण्याच्या विहिरीवर मोटार चालवायचा. सरळमार्गी, कमी बोलणारा माणूस. एके दिवशी पहाटे विहिरीवरची मोटारच चोरीला गेली. गाव चावडीवर जमलं. तेव्हा हनोख पुढं आला. हनोख त्यांच्याच मंडळीतला, पण चर्चमध्ये कमी आणि गुत्त्यावर जास्त दिसणारा. सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "शांतवनला मोटार बैलगाडीत घालताना मी पाहिलं. या डोळ्यांनी पाहिलं."

त्या पहाटे शांतवन तापानं फणफणून घरात पडला होता. मार्थाबाईनं ते ओरडून सांगितलं. पण बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, असं म्हणून लोकांनी ते उडवून लावलं. शांतवनचं काम गेलं. पोलिसांनी त्याला नेलं. पुरावा मिळाला नाही म्हणून कोर्टानं सोडलं, पण गावानं सोडलं नाही. त्याची मुलगी सुवार्ता अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागणार होती. पंचायतीत कुणीसं म्हणालं, "चोराच्या पोरीच्या हातात लेकरांचा खाऊ द्यायचा?" झालं. तेही गेलं. शांतवननं घराबाहेर पडणंच सोडलं.

अशी काही वर्षं गेली. हनोख मधल्या काळात नगरला गेला होता. तिथं त्याला प्रार्थना करणारी माणसं भेटली, दारू सुटली, आणि पांढरा सदरा घालून तो गावी परत आला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी त्याला, देवानं आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायला उभं केलं.

"मी फार मोठा पापी होतो," हनोख म्हणाला. "पण प्रभूनं माझं सगळं जुनं पुसून टाकलं. मला नवं केलं!"

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वडीलधाऱ्यांनी त्याला हार घातला. मंडळीनं टाळ्या वाजवल्या.

मार्थाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बसल्या जागेवरून उठली.

"हनोखा, तुझं पुसलं, माझ्या नवऱ्याचं कुठं पुसलंय? चोर म्हणून तो अजून घरात बसलाय."

पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, "मार्थाबाई, ही देवाची सभा आहे. इथं जुनी भांडणं नकोत. प्रभूनं याला क्षमा केली, तुम्हीही करा."

"क्षमा मागायला माझ्या दारात कोण आलं, पाळकसाहेब? ज्यांचं यानं काही बिघडवलं नाही, ते सगळे क्षमा करून मोकळे झाले! वा रे वा!"

एवढं बोलून ती निघून गेली. मागून कुजबूज आली, "बाईचं मन दगडाचं आहे." ते ऐकून तिला हसू आलं, आणि रस्ताभर डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. देवावर तिचा विश्वास होता. म्हणूनच तर संताप येत होता. देवाचं नाव इतकं स्वस्त कुणी केलं, असं ती मनाशी विचारत होती.

दोन-चार दिवसांनी हनोख तिच्या दारात आला. मंडळीतल्या पंचांनीच त्याला पाठवलं होतं. हातात नवी साडी होती, पेढ्यांचा पुडा होता.

"वहिनी, एवढं घ्या. झालं गेलं विसरून जा."

मार्थाबाईनं साडीकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझ्या नवऱ्याची अब्रू या साडीनं झाकणार आहेस का?"

हनोख ओशाळला. "शांतवन कुठंय? त्याच्याशी बोलतो."

"आत आहे. दारावर कुणाची सावली पडली की तो उठून आतल्या खोलीत जातो. आजही गेला. ती सवय तू लावलीस त्याला."

आतून कुणी तरी खोकला दाबल्याचा आवाज आला. हनोखनं तिकडं पाहिलं. दाराच्या फटीतून शांतवनचे अनवाणी पाय दिसत होते. ज्यानं काहीच केलं नव्हतं, तो माणूस स्वतःच्या घरात भिंतीला चिकटून उभा होता. आणि आपण गळ्यात हार घालून गावभर मिरवतोय, हे हनोखला त्या क्षणी दिसलं. त्याच्या हातातली साडी खाली पडली.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मोटार मीच विकली होती. दारूसाठी. आळ माझ्यावर येईल म्हणून त्याच्यावर घातला."

त्यानं खोटी साक्ष दिली हे मार्थाबाईला ठाऊक होतं, चोरही तोच हे ठाऊक नव्हतं. उंबऱ्यातली चप्पल उचलून त्याच्या तोंडावर मारावी असं तिला वाटलं. तिनं हात पदरात गुंडाळून धरला.

"हे मला कशाला सांगतोस? जिथं खोटं बोललास, तिथं जाऊन खरं बोल."

"चावडीवर सांगितलं तर मला आत टाकतील, वहिनी."

"माझ्या नवऱ्याला टाकलंच होतं," मार्थाबाई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

बाजाराच्या दिवशी चावडीपुढं भरपूर माणसं होती. हनोख पारावर चढला. "ऐका हो, विहिरीवरची मोटार मी चोरली. शांतवनचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. मी खोटं बोललो."

कुणीतरी ओरडलं, "अरे, सकाळीच प्यालास का?"

"तेव्हा प्यालो होतो आणि खोटं बोललो. आज शुद्धीवर आहे."

मग गलका उडाला. कुणी शिव्या दिल्या, कुणी कानफटात लगावली. पोलीस पाटलानं त्याला ओढत नेलं. हनोखनं हात वर केला नाही. बाजारात उभी असलेली मार्थाबाई हे सगळं पाहत होती. तिला वाटलं होतं, आज आपल्याला आनंद होईल. तसं झालं नाही. फक्त छातीवरचा धोंडा थोडा हलल्यासारखा वाटला, एवढंच.

त्याच आठवड्यात शांतवन घरातून निघाला आणि थेट न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला. इतकी वर्षं मार्थाबाईच घरी कात्रीनं त्याचे केस कापत होती. आज भर पेठेत, लोक येत-जात असताना, तो आरशासमोर मान ताठ करून बसला होता. न्हाव्यानं विचारलं, "कसे कापू, शांतवनराव?" गावात त्याला कुणी 'राव' म्हणून किती काळ लोटला होता! पंचायतीकडून सुवार्ताला निरोप आला, पुन्हा अर्ज कर. मार्थाबाई तरातरा पंचायतीत गेली. "पुन्हा कशाला? पहिला अर्ज खोटा होता का?" तिनं विचारलं. पहिलाच अर्ज बाहेर काढावा लागला.

हनोख जामिनावर सुटला आणि रविवारी चर्चमध्ये आला. त्या दिवशी शांतवनही कित्येक वर्षांनी चर्चच्या बाकावर येऊन बसला होता. ज्यांनी त्याला हार घातला होता, तेच आता अंग चोरून बसले. एकानं तर शेजारच्या मोकळ्या जागेवर आपली पिशवी ठेवली. हनोख दारातच उभा राहिला.

सगळ्यांनी मार्थाबाईकडं पाहिलं. आता ती त्याला हाकलणार, असं त्यांना वाटलं. मार्थाबाई उठली, खरोखर लालबुंद होऊन उठली.

"लाज वाटत नाही? तो खोटा होता तेव्हा टाळ्या वाजवल्यात. आज खरा झालाय, तर बसायला जागा नाही?" मग ती हनोखकडं वळली आणि तिनं नवऱ्याच्या बाकाकडं बोट दाखवलं. "तिकडं जा. यांच्याजवळ बस."

शांतवन सरकला आणि त्यानं बाकावर जागा केली. हनोख त्याच्या शेजारी बसला आणि तोंड ओंजळीत लपवून रडला. पाळकसाहेबांनी उघडलेलं पवित्र शास्त्र मिटलं. त्या दिवशी त्यांनी उपदेश केला नाही. उपदेश झालेला होता.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब मार्थाबाईजवळ आले. खाली मान घालून म्हणाले, "मी चुकलो, बाई. पण एक विचारू? तुम्ही त्याला मनापासून क्षमा केलीत?"

"एका दमात होत नाही, पाळकसाहेब," मार्थाबाई म्हणाली. "रोज थोडी थोडी करतेय. देव रोज नवा दिवस देतो, तो त्याचसाठी देत असावा."

तात्पर्य: देव माणसाला नवं आयुष्य देतो, पण त्याचं पहिलं पाऊल ज्याचं आपण वाटोळं केलं त्याच्या दाराकडं पडलं पाहिजे. तिथं न जाता घातलेला हार हा खोट्याचाच सत्कार असतो.