चार नावांचे पाडस

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक हरिणी राहत असे. स्वभावाने ती इतकी गोड होती, की तिला कोणालाच 'नाही' म्हणता येत नसे. मुलांनो, असा स्वभाव शेजाऱ्यापाजाऱ्यांना फार आवडतो! तर या हरिणीला पाडस झाले. ओलसर नाक, काड्यांसारखे पाय आणि तांबूस अंगावर पांढरे ठिपके. त्याला चाटत बसली, की हरिणीला तहानभूक आठवत नसे.

बारसे ठरले. वेलींचा पाळणा बांधला आणि घुगऱ्यांऐवजी बोरे वाटायला ठेवली. नाव ठेवण्याचा मान अर्थातच आत्याचा, म्हणजे हरिणाच्या थोरल्या बहिणीचा. पण ती राहायची डोंगरापलीकडे. तिला यायला उशीर झाला आणि पाहुण्यांना कुठला धीर! मोर पिसारा सावरत म्हणाला, "नीलमणी ठेवा. कसे भारदस्त वाटते!"

"छान आहे हो," हरिणी म्हणाली.

"छे, छे! मधुकर," अस्वल म्हणाले. "नुसते नाव घेतले तरी तोंड गोड होते." आणि त्याने खरोखरच ओठ चाटले.

"हेही छानच," हरिणी म्हणाली.

कोल्ह्याने घसा खाकरला. "वनराजसिंह ठेवा. नाव ऐकूनच वाघ दबून राहील." तोवर वानर वरच्या फांदीवरून ओरडले, "शाखानंद! शाखानंद!" जन्म फांद्यांवर गेलेल्याला दुसरे काय सुचणार? हरिणीने सगळ्यांपुढे मान डोलावली. वानर तिला रोज कोवळा पाला खाली टाकायचे, अस्वलाने भर उन्हाळ्यात पाण्याचा डोह दाखवला होता, मोर तर अगदी शेजारचा, आणि कोल्ह्याचे म्हणाल तर त्याच्याशी वाकडे कोण घेणार! दुखवायचे तरी कोणाला?

एवढ्यात धापा टाकत आत्या आली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अगंबाई! मग मी कानात सांगू तरी काय?"

"तुम्हीही ठेवा की एखादे," कोल्हा हसत म्हणाला. "इतकी आहेत, त्यात आणखी एक!"

आत्याने त्याच्याकडे लक्षच दिले नाही. पाळण्यात डोकावून ती कितीतरी वेळ आपल्या भाचराकडे पाहत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने त्याच्या कानाशी तोंड नेले आणि म्हणाली, "कुर्रर्र! ठिपक्या." पाडसाने कान हलवला.

"ठिपक्या?" कोल्ह्याला हसू आवरेना. "अहो, ठिपके तर तुमच्या सगळ्याच पोरांना असतात. यात विशेष ते काय?"

"विशेष नसू दे," आत्या म्हणाली. "आमचे आहे, तेवढे पुरे." दुसऱ्या दिवशी निघताना तिने हरिणीला बाजूला घेऊन सांगितले, "वहिनी, याला रोज याच नावाने हाक मारत जा हं. पाळण्यात घातलेले नाव पाळण्यातच राहायला नको."

"हो वन्सं," हरिणी म्हणाली. ती कोणाला नाही म्हणत नसे, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पुढे काय झाले, ते ऐका. मोर दिसला, की हरिणी पाडसाला नीलमणी म्हणायची. अस्वलासमोर मधुकर, कोल्ह्यासमोर वनराजसिंह आणि झाडाखाली शाखानंद. जाळीत कोणी नसताना, दूध पाजताना तेवढे ती हळूच म्हणायची, "ये रे माझ्या ठिपक्या." चारचौघांत हे साधेसुधे नाव घ्यायची तिला लाज वाटे. पाडसाला तर वाटे, की मधुकर नावाचे कोणीतरी याच जंगलात राहते आणि मोठ्यांनी कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही. त्या मधुकराला एकदा भेटावे, असे त्याच्या फार मनात होते.

एके दुपारी पाडस ओढ्याकाठी फुलपाखरामागे धावत होते. वरच्या काठावर मंडळी सावलीला बसली होती. अचानक वानर खेकसले. गवतात बिबट्या होता! "शाखानंद, पळ!" वानर ओरडले. "नीलमणी!" मोर किंचाळला. "मधुकर! अरे मधुकर!" अस्वलाने हंबरडा फोडला. कोल्हा धूम ठोकता ठोकता ओरडला, "वनराजसिंह!" पाडस मात्र जागचे हलेना. त्याला वाटले, बिचारी ती चारही मुले संकटात सापडली आहेत. ती दिसतात का, म्हणून ते मान उंच करून इकडे तिकडे पाहू लागले.

हरिणीने हाक मारायला तोंड उघडले, पण शब्दच फुटेना. तिने मोराकडे पाहिले, अस्वलाकडे पाहिले, वानराकडे पाहिले. कोणते नाव घ्यावे? रोजची सवय आड आली हो, नाहीतर आईला हाक मारायला का वेळ लागतो! तिकडे बिबट्याने अंग आखडून घेतले. मग मात्र हरिणीने सगळ्यांवरची नजर काढली. तिला फक्त आपले लेकरू दिसत होते. जिवाच्या आकांताने ती ओरडली, "ठिपक्याऽऽ!"

पाडसाने गर्रकन मान वळवली आणि आईकडे उडी घेतली. बिबट्या त्याच्या मागे चिखलात आदळला आणि उठून पाहतो तर काय, पाडस काठ चढून आईजवळ पोचलेही होते. इतके सगळे सावध झाल्यावर तो काय करणार? तोंड वाकडे करून निघून गेला. हरिणी पाडसाला चाटत होती आणि रडत होती.

थोड्या वेळाने अस्वल हळूच जवळ आले. "म्हणजे मधुकर नाही का?" त्याने विचारले.

"नाही," हरिणी म्हणाली. तिचा आवाज कापला, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

अस्वलाने कान खाजवला. त्याला वाईट वाटलेच होते. तरी खाली वाकून ते म्हणाले, "बरं तर. ठिपक्या, मध खाणार का रे?"

"ओ!" पाडस म्हणाले.

तात्पर्य : सगळ्यांची मने राखायला निघाले, की आपल्याच माणसाला हाक मारताना जीभ अडखळते. आपण मायेने रोज घेतो, तेच नाव वेळेला उपयोगी पडते.