गोदी बुरडिणीची लेक

एका राज्यात, दिवस उगवून बरोबर तीन घटका झाल्या आणि राजकन्या शेवंतेला घर सोडावं लागलं. बाप राजा रत्नशेखर, पण मती फिरवलेली काळजिव्ह जादूगाराने. लेक त्यालाच द्यायची म्हणे! शेवंता म्हणाली, "देह गेला तरी नाही." राजा म्हणाला, "मग या घरात तुला जागा नाही."

काळजिव्ह खदखदा हसला. "जिला घर नाही, तिची दिवस मावळताच शिळा होते. माझ्या अंगणात अशा पुष्कळ आहेत."

शेवंता निघाली. खांद्यावर साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "रडू नको, पाय उचल! दार उघडं दिसलं म्हणून शिरू नको. आधी कडी बघ, मग घरधन्याला बघ, मग परतीची वाट विचार."

पहिलं घर सोन्याचं. दार आपोआप उघडलं. शेवंता पाऊल टाकणार, तोच साळुंकी ओरडली, "कडी बाहेरून आहे!" पळाली पोर.

दुसरं घर चंदनाचं. दारात गोड म्हातारा. "ये बाळ, पाणी तापलंय. कडी आतूनच आहे हो."

"काका, वाटलं तर मला परत जाता येईल?"

"आता कशाला जायचं?" म्हातारा हसला, आणि त्याची जीभ दिसली. काळी कुळकुळीत! काळजिव्हच तो! शेवंता अशी धावली, अशी धावली, की काटे मोडले पण कळलं नाही.

दिवस कलला. पावलं जड झाली, घोट्यापर्यंत दगड चढला. समोर झोपडी. दारात गोदी बुरडीण सूप विणत होती.

"आजी, कडी कुठून आहे? आणि मला परत जाता येईल?"

"आजी कुणाला म्हणतेस? मावशी म्हण! कडी आतून आहे, पण गंजलीय मेली, जोर लाव. जायचं तेव्हा खुशाल जा."

"मी कोण, ते विचारलं नाहीत?"

"भुकेल्या पोरीला आधी भाकरी विचारावी."

एवढ्यात काळजिव्ह वादळासारखा आला. "म्हातारे, हिला घर नाही. ही माझी!"

गोदी उठली. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेतलं, आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीवरून ओवाळावं तसं शेवंतेवरून ओवाळलं. "घर नाही कसं? माहेरी आलीय माझी लेक. आणि तू जावई म्हणवतोस, तर बोलावल्याशिवाय कसा आलास रे?"

ओवाळलेला तुकडा तिने भिरकावला. तो काळजिव्हाच्या छातीवर बसला, आणि जादूगाराचा धूर झाला! माहेर असलेल्या पोरीवर त्याचा मंत्र चालत नसे. शेवंतेची पावलं सुटली. त्याच्या अंगणातल्या शिळाही हलल्या, पोरं-पोरी डोळे चोळत उठल्या.

राजाची धुंदी उतरली. अनवाणी धावत आला. "चल बाळ, घरी."

शेवंता म्हणाली, "बाबा, आधी गावोगाव एक घर उघडा. ज्याला निघावं लागलं, त्याने तिथं यावं. कुणी जात विचारू नये, कुणी मोबदला मागू नये."

राजाने तसंच केलं. पहिल्या घराची मालकीण गोदी.

बायांनो, ही गोष्ट पोटात ठेवू नका. पाणवठ्यावर सांगा, बाजारात सांगा. कुणाचं तरी लेकरू आत्ता वाटेवर असेल, त्याला कळू द्या कुठलं दार वाजवायचं.