चिंचोक्याचे बटण

बोरखडी गावाबाहेर चिंचेच्या बनात सावळनाथ महाराजांची झोपडी होती. अंगात एक बंडी, कमरेला पंचा, एवढाच त्यांचा संसार. पण त्यांची सावली गावावर होती, म्हणून तर त्या उजाड मुलुखातही बोरखडीची माणसे सुखाने दोन घास खात होती.

त्याच गावात भिवराबाई नावाची विधवा राहायची. पोटी मूल नाही, पाठीशी कुणी नाही. अंगावरचे कपडेसुद्धा स्वतःच हाताने शिवायची. एकदा महाराजांची बंडी पार विरलेली पाहून तिचा जीव कळवळला. मांजरपाटाचा तुकडा घरात होता, त्याची नवी बंडी शिवली, पण बटणे कुठून आणणार? तिने पेटीतून आपले लग्नातले जांभळे लुगडे काढले. त्याच्या पदराचे लहान लहान गोल कापले, कडेने धावदोरा घातला, मधे एकेक चिंचोका ठेवून दोरा आवळला. झाली बटणे! मग दोरा दुहेरी घेऊन, मेणावरून ओढून ती बंडीला लावली. टाक्यागणिक तोंडी महाराजांचे नाव.

गुरुवारी ती बंडी घेऊन गेली, तर यमाजी शिंपी आधीच येऊन बसलेला. तालुक्याहून शिवणयंत्र आणल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याने महाराजांसाठी पितळी बटणांचा अंगरखा आणला होता. भिवराबाईची बंडी पाहून तो खो खो हसला.

"अगं म्हातारे, चिंचोके खेळायला असत्यात. ही बटणं लहान पोरानं वढली तरी हातात येतील की!"

महाराजांनी अंगरखा कपाळाला लावून बाजूला ठेवला. बंडी मात्र तिथल्या तिथे अंगात चढवली. एकेक बटण लावत महाराज म्हणाले, "लई ऊब हाय गं हिच्यात, भिवरे."

बाईचे डोळे भरून आले. यमाजीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पुढच्या गुरुवारी भजन रंगात आले होते. एकाएकी महाराजांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात लांब झाला, कुणी ओढावे तसे अंग पुढे वाकले आणि मुखातून शब्द आले, "सोडू नगंस, पोरी!"

टाळ थांबले. कुणाला काही उमजेना. महाराज सावरून बसले, तेव्हा सगळ्यांना दिसले: बंडीचे छातीवरचे बटण नाही आणि त्या जागी भोक पडले आहे.

यमाजीने मांडीवर थाप मारली. "बघा! मी सांगत न्हवतो? आठवडाभरबी टिकलं न्हाई."

भिवराबाईने पदर तोंडाला लावला. धरणीने पोटात घ्यावे असे तिला झाले. आयुष्यात एवढी एकच सेवा घडली आणि तीही कच्ची निघाली! तिला हुंदका आवरेना.

"रडू नगंस, भिवरे," महाराज म्हणाले. "बटण हरवलं न्हाई. कामाला गेलंय."

इतक्यात बनात आरडाओरडा झाला. यमाजीची सून धावत येत होती. कडेवर त्याची नात गोदी, नखशिखांत भिजलेली.

"मामंजी, पोर बारवंत पडली व्हती! आम्ही पोचलो तर ही पायरीवर बसल्याली. आपली आपण कशी वर आली, देव जाणं!"

"आपली आपण न्हाई," गोदी मुसमुसत म्हणाली. "महाराजांनी हात दिला. मी त्यांचं बटण धरलं."

तिने मूठ उघडली. जांभळे बटण! मांजरपाटाची चिंधी त्याला तशीच लागून आलेली. कापड फाटले होते, पण भिवराबाईचा टाका काही सुटला नव्हता.

सर्वांच्या नजरा महाराजांकडे वळल्या. त्यांच्या बाहीतून पाणी ठिबकत होते.

ज्या लहान पोराच्या नावाने यमाजी हसला होता, ते पोर त्याच्याच घरचे निघाले. त्याने महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "चुकलो, महाराज! यंत्रावर नवी बंडी शिवून देतो."

"बंडी हीच," महाराज म्हणाले. "तू एवढं भोक हातानं बुजव. गोदे, आन बघू ते बटण."

गोदीने मूठ मिटली ती मिटलीच. महाराज मोठ्याने हसले. "मग भिवरे, आणखी एक कर."

यमाजी उठला. भिवराबाईच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "आई, चिंचोका मी आणतो." आणि चिंचेखालच्या पाचोळ्यात वाकून तो चिंचोका शोधू लागला.